टिपणीससाहेबाचा नळा

टिपणीस नावाच्या माणसावरून मी आणि माझी बायको चाळीस वर्षांहून जास्त भांडलो. ती म्हणायची, देवमाणूस. मी म्हणायचो, देव असेल, पण व्यवहारात शून्य. गेल्या शिमग्याच्या आधी यमुना गेली. दिवसकार्य झालं, सोयरे आपापल्या गावी गेले, आणि एक दिवस भाकर खाता खाता मी सवयीनं बोलून गेलो, "तुझा तो टिपणीस..." घास तसाच हातात राहिला.

आता त्या माणसावर चिडायला मी एकटाच उरलो. एकट्यानं चिडण्यात काही चव नसते. म्हणून लिहून काढतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ते नातसून सरळ करील. मी त्याला 'तो' म्हणतो. यमुना असती तर मला 'ते' म्हणायला लावलं असतं. लावायचं असेल तर येऊ दे आणि लावू दे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांतली गोष्ट. आमची वाडी शहापूर तालुक्यात, खर्डी आणि शेणव्याच्या मध्ये, एका गावाच्या कडेला. जमीन कोणाच्याच नावावर नाही. भातकापणी संपली की सगळी वाडी रिकामी व्हायची. मडकी, कोंबड्या, पोरं डोक्यावर घ्यायची आणि भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायचं. पाऊस तोंडावर आला की परत. माझी आई भट्टीवरच मेली. यमुनाचं पहिलं बाळंतपण भट्टीवर झालं आणि ते पोर चार दिवसही जगलं नाही. त्यामुळे खर्डीपासून कोसभर आत कोणा मुंबईच्या शेठनं पत्र्याची शेड घातली आणि बारा महिने मजुरी आहे अशी बातमी आली, तेव्हा आम्ही चाळीसएक माणसं तिथे जाऊन उभी राहिलो. काम काय ते विचारलंही नाही.

शेडमध्ये मधोमध एक लोखंडी नळा उभा होता. दोन पुरुष उंच, आतून विटांचं अस्तर, बुडाशी भोकं पाडलेली जाड पाटी. खालून डिझेलच्या इंजिनावरचा पंखा वारा मारायचा. आणि नळ्याला कान लावून एक माणूस उभा होता. हाच तो टिपणीस. अंगात बुशशर्ट, त्याचं बटण वरचं खाली आणि खालचं वर लावलेलं. एका बुटाचा तळ जळून गेलेला. नळा तापला की कान लावता येत नाही, म्हणून त्यानं सागाची एक काठी केली होती. काठीचं एक टोक नळ्याला, दुसरं कानाला. डोळे मिटलेले. आम्हाला वाटलं, देवाचं काही आहे, आम्ही चपला काढल्या.

"या, मिनिटभर ऐका," तो म्हणाला.

हे त्याचं 'मिनिटभर' मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवशी आम्ही उन्हात उभे राहिलो ते सावल्या लांब होईपर्यंत. सांगत काय होता, तर देशात लोखंडाचा दगड रग्गड आहे, पण त्यातला भुगा कोणी घेत नाही. मोठ्या भट्टीला ढेकळं लागतात आणि चांगल्या जातीचा कोळसा लागतो. आपल्याकडचा कोळसा हलका. म्हणजे भुगा वाया, हलका कोळसा वाया. मग या दोन वाया गेलेल्यांचं लग्न लावायचं. दगडाचा भुगा नळ्यात घालायचा, खालून वारा मारायचा, इतका की भुगा उडून जाणार नाही आणि बसूनही राहणार नाही. आधणासारखा उकळत राहील. त्यात कोळसा जाळायचा. कोळशाचा गॅस दगडातला प्राणवायू ओढून घेतो, आणि मागे राहतं लोखंड. न वितळता. भुग्याचा भुगाच.

आता एवढं मी चार ओळींत लिहिलं ना? त्याला तीन तास लागले. मध्ये जर्मनी आली, बंगाल आला, त्याची जुनी नोकरी आली. माझ्या शेजारचा पांडू उभ्या उभ्या घोरला.

मला तो 'धर्माराव' म्हणायचा. माझ्या बापानंही मला कधी धर्माराव म्हटलं नव्हतं. माल चाळणाऱ्या बायांना 'यमुनाबाई', 'सखूबाई'. कोणाला एकेरी नाही, आवाज चढवणं नाही. यमुनाला याचं फार. मी म्हणायचो, "गोड बोलून कोनाचं पोट भरलं?" ती म्हणायची, "कडू बोलून भरलं का?"

आकडे लिहायला कागद कधी सापडायचा नाही. खिशात खडू. मग दारावर लिही, पिंपावर लिही. माझ्या नव्या छत्रीवर त्यानं खडूनं गॅसचा हिशेब मांडला. मी पावसात छत्री उघडली आणि तो मागून धावत आला, "धर्माराव, मिटा, मिटा, पुसलं जाईल!" मी भिजत घरी गेलो. छत्री कोरडी.

डबा खायचा नाही. ठाण्याचा माणूस, मासळीवर जीव, पण समोरचं ताट विसरायचा. यमुना सुकट भाजून आणि नाचणीची भाकर घेऊन जायची आणि समोर उभी राहायची. "साहेब, तुमी खाल्ल्याबिगर मी चाळन धरनार नाय." मग खायचा, एक डोळा नळ्यावर ठेवून. त्याची बायको वारली होती असं कोणीतरी म्हणायचं. त्यानं कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तेव्हा मला वाटायचं, बायको गेलेला माणूस असा वेंधळा का होतो? आता विचारत नाही.

त्याचं आवडतं वाक्य होतं, "घाई आपल्याला आहे, लोखंडाला नाही." आणि घाई केली कोणी? त्यानंच. पहिल्यांदा नळ्यात लोखंड झालं तेव्हाची गोष्ट. नियम त्याचाच, की माल पिंपात झाकून गार होऊ द्यायचा, दोन दिवस उघडायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हा आला, राहवेना. "मिनिटभर बघू." झाकण काढलं. आत काळसर पूड. लोहचुंबक धरला, तर मिशीसारखी चिकटली. तो नाचायलाच लागला. ओंजळभर पूड पत्र्यावर ओतून आम्हाला दाखवायला लागला, "हे लोखंड! हे लोखंड!" आणि आमच्या डोळ्यांदेखत ती पूड कडेनं लाल व्हायला लागली. विस्तव नाही, काडी नाही, आपोआप पेटली. बारीक लोखंड गरम असताना वारा लागला की जळतं. थोड्या वेळात पत्र्यावर परत तांबडी माती.

पांडू म्हणाला, "साहेब, दगड व्हता, दगड झाला. बाकी काय?"

टिपणीस हसला. मला हसू आलं नाही. पंधरा दिवस दगड वाहून आमच्या खांद्यांचं लाकूड झालं होतं, आणि हा हसतो.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. नळ्यातून निघणाऱ्या त्या कोळशाच्या गॅसला वास नाही, रंग नाही, आणि माणूस गुंगून मरतो. म्हणून त्यानं भर आषाढात शेडच्या दोन बाजूंचे पत्रे काढायला लावले. पाणी आत, चिखल आत, आम्ही कुडकुडतोय. मी म्हणालो, "साहेब, आमाला ताप येईल." तो म्हणाला, "भिजलात तर ताप येईल, न भिजलात तर मराल. ठरवा." हेही शांतपणे. शेजारच्या गावात कोणा शेतकऱ्यानं ऐकलं, तो सांगत फिरला की शेडमधला साहेब भिंती पाडून घर हवेशीर करतो.

पण खरा छळ तो गोळा. नळ्यातला माल चांगला उकळत असायचा, आणि लोखंड व्हायच्या बेताला आला की बसायचा. म्हणजे दगडाचे दाणे लोखंड झाले, तापून मऊ झाले, की एकमेकांना चिकटायचे. उकळी बंद. वारा एका भोकातून शिट्टी मारत निघून जायचा आणि बाकी सगळा नळ्यातच एक गोळा. मग नळा गार करा, बाजूचं झाकण खोला, आणि छिन्नी-हातोडा घेऊन आत शिरा. आत एकच माणूस मावायचा, तोही उकिडवा. तो माणूस मी. एक गोळा फोडायला तीन दिवस. नाकातोंडात काळं, कानात घण. बाहेरून टिपणीस तोंड घालून विचारायचा, "धर्माराव, गोळा वरून घट्ट आहे की खालून?" मी आतून अशा शिव्या द्यायचो की बाया लांब जायच्या. तो म्हणायचा, "बरं, म्हणजे खालून."

अडीच वर्षं असं चाललं. शेठ महिन्याआड येऊन तोंड वाकडं करून जायचा. पण शेड चालू होती, आणि वाडी तीन हंगाम वीटभट्टीवर गेली नव्हती. पोरं जगत होती. यमुनाच्या मांडीवर दुसरी पोरगी होती, रांगत होती. शेड बंद पडली तर काय, हे आम्ही बोलायचो नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मग पौषातली म्हसा गावची जत्रा आली. मुरबाडकडचं माणूस म्हशाला गेलं नाही तर त्याला घरचे विचारत नाहीत, आणि आमच्यातल्या निम्म्यांच्या सोयरिकी मुरबाडकडच्या. एका सकाळी शेडवर टिपणीस आणि रखवालदाराचा कुत्रा, दोघंच. तो आम्हाला आणायला म्हशाला आला. सायकलवर! ब्रेक नसलेल्या.

मला बैलबाजारात माणसं सांगत आली, "तुमचा साहेब तिकडं फुटान्यांच्या भट्टीशी बसलाय, खुळ्यासारका." गेलो. फुटाणेवाला मोठ्या कढईत तापलेली वाळू हलवत होता, त्यात मूठभर हरभरे टाकत होता. टिपणीस त्याच्या शेजारी जमिनीवर बसलेला. धुरानं डोळे लाल.

"वाळू इतकी का घेता?" त्यानं विचारलं.

"मंग काय करू?" फुटाणेवाला वैतागला होता. बराच वेळ हाच प्रश्न चालला असावा. "वाळू कमी केली का दाना दान्याला लागतो, करपतो. वाळूनं दाना सुटा ऱ्हातो. तुमाला घ्यायचेत का फुटाने? नायतर उठा, गिऱ्हाईक येऊ द्या."

टिपणीसनं चार शेर फुटाणे घेतले आणि सगळे आम्हाला वाटले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "धर्माराव, कोळसा नुसता जाळायला नाही. कोळसा मध्ये बसवायचा. लोखंडाचे दाणे तापले की मिठी मारतात. मध्ये सासू बसवायची."

मी म्हणालो, "साहेब, घरी चला. ऊन लागलंय."

पण परत आल्यावर त्यानं खरंच सगळी रीत बदलली. आमची रीत अशी होती, की माल गार झाला की चुंबकानं लोखंड काढून घ्यायचं. मागे उरायचा अर्धवट जळलेल्या कोळशाचा भुगा, काळा-करडा, राखेसारखा. तो आम्ही मागच्या खड्ड्यात टाकायचो. आता तो टाकायचा नाही. तोच परत दगडाच्या भुग्यात मिसळायचा, मापाला माप. जळायचा कोळसा बाजूच्या तोंडातून वेगळा जायचाच. ही राख वर आणखी.

का, ते त्यानं बायांना सांगितलं. दोन तास. खडूनं नळ्यावर वर्तुळं काढली. बाया माना डोलवत होत्या. मला त्या माना माहीत आहेत, कीर्तनात डोलतात तशा.

आणि नळा चालला. गोळा नाही. सकाळी पेटवलेला सांजेपर्यंत उकळत राहिला. टिपणीस काठी कानाला लावून उभा, आणि एकेकाला बोलवून ऐकवतोय. मीही ऐकलं. आत भात शिजतो तसा आवाज होता. चार वेळा केलं, चारही वेळा चाललं. मी छिन्नी शेडच्या आढ्यात खोचून टाकली.

पण वाडीत आमचं बोलणं काय होतं? आम्हाला वाटायचं, शेठ कंजूष. दगड लांबून रत्नागिरीकडून येतो, म्हणून वाण्यानं तांदळात खडे घालावे तसा हा मालात राख घालून माप वाढवतो. साहेब बिचारा भला, शेठ सांगेल ते करतो. पांडू तर शपथेवर सांगायचा. टिपणीसला आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर 'मिनिटभर' सुरू झालं असतं.

शेठचा निरोप आला. मुंबईहून सरकारी साहेब लोक बघायला येणार. त्यांच्यासमोर नळा दिवसभर चालला, तर इथेच मोठा नळा उभा राहील, सगळ्यांना कायम काम. नाही चालला, तर शेठ शेड मोडणार. टिपणीस आम्हाला म्हणाला, "काळजी करू नका. माल मिसळून तयार आहे, गोणपाटाखाली. मी कल्याणहून पाहुण्यांना घेऊन येतो. तुम्ही फक्त शेड जरा स्वच्छ करा." आणि गेला.

तो 'फक्त' आम्हाला नडला.

आम्ही चुना लावला. जमीन सारवली. नळ्याला आंब्याचं तोरण बांधलं. तेवढ्यात यमुना गोणपाट उचलून मालाकडे बघत उभी राहिली.

"अवो," मला म्हणाली, "उद्या मोटी मानसं येनार. आन मालात ही राख? मूठ उचलून बघितली कोनी तर?"

मी तेव्हा मुकादम होतो. मी म्हणालो, "मंग?"

"शेठ भेसळ करतो तो करतो. नाव साहेबाचं जाईल ना!"

सखू म्हणाली, "व्हय गो. त्ये बिचारं खाली मान घालून उभं ऱ्हाईल."

मी विचार केला, खरं आहे. उकळतो तो दगड, जळतो तो बाजूचा कोळसा. राखेचं काय काम? म्हणालो, "पाखडून टाका."

चौघी जणी सुपं घेऊन बसल्या. तेव्हापासून दिवेलागणीपर्यंत पाखडत होत्या. राख हलकी, उडून गेली. दगड जड, सुपात राहिला. वर हातानं निवडला. शेवटी तो ढीग असा झाला, लालभडक, एक काळा कण नाही. सखू म्हणाली, "माज्या लग्नाचे तांदूळ पन एवढे निवडले नवते गो." यमुनाचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. फार खूश होती. मीही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. शेठ, कोटवाले तिघं, त्यातला एक म्हातारा, जाड चष्म्याचा, नीट बघणारा. टिपणीस स्वच्छ बुशशर्टात, बटणं बरोबर. बहुतेक कल्याणला कोणीतरी लावून दिली असतील. तो पाहुण्यांना समजावत होता आणि आम्ही त्याच्या पाठीमागे माल वरच्या तोंडातून भरत होतो. त्यानं मागे बघितलं नाही. रोज बघायचा, त्या दिवशी नाही.

नळा पेटला. उकळी आली. दुपारचं जेवण पाहुण्यांनी शेडच्या बाहेर आंब्याखाली केलं. ते पान खात होते तेवढ्यात शिट्टी आली. मला ती शिट्टी झोपेतही ओळखू येते. टिपणीस धावला, काठी लावली. खूप वेळ लावून उभा. मग काठी खाली ठेवली आणि गोणपाटाशी गेला. उरलेल्या मालातली मूठ उचलली. बोटांमधून सोडली. परत उचलली.

बाया धुतलेली लुगडी नेसून ओळीनं उभ्या होत्या. यमुना पुढे झाली. हसत म्हणाली, "साफ झालाय ना, साहेब? येक कन नाय ठेवला."

टिपणीसनं तिच्या हातांकडे बघितलं. म्हणाला, "हो यमुनाबाई. इतका स्वच्छ माल मी कुठे पाहिला नाही."

मागून शेठ आला, लाल झालेला. "काय झालं? काल तर तू म्हणालास सगळं ठीक आहे!"

चष्म्याचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "मिश्रणात काही बदल झालाय का? कोणाच्या हातून?"

शेठ म्हणाला, "नाव सांग टिपणीस. ज्यांनी केलं त्यांना आत्ता घरी बसवतो. हे लोक दोन दिवस थांबतील, परत लाव."

आणि हा माणूस म्हणाला, "मी. मी सांगितलं तसंच त्यांनी केलंय."

एवढंच. तीन तीन तास बोलणारा माणूस, त्याला त्या दिवशी एवढंच बोलायचं होतं! कोटवाले एकमेकांकडे बघून गाडीत बसले. म्हातारा जाताना मागे वळून मुठीएवढा माल कागदात बांधून घेऊन गेला. शेठ टिपणीसला जे बोलला ते मी लिहीत नाही.

शेड मोडायला माणसं येईपर्यंत आठवडा होता. टिपणीस म्हणाला, नळा तसा सोडायचा नाही, गोळा काढायचा. पगार बंद झालेला, तरी मी छिन्नी काढली. या वेळी तोही आळीपाळीनं आत शिरला. हात सोलून घेतले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "साहेब, चुकलं काय ते तरी सांगा." तेव्हा त्यानं सांगितलं. राख म्हणजे वाळू. राख म्हणजे सासू.

मी हातोडा फेकला. "मंग त्या येळेला का नाय बोललात? दोन दिस थांबनार व्हते ते!"

"चौघींना काढलं असतं."

"चौघी गेल्या असत्या! चाळीस ऱ्हायले असते!"

"धर्माराव, त्यांनी चूक केली नाही. मी नीट सांगितलं नाही."

"रोज तास तास सांगत व्हतात की ओ!"

"तासभर सांगावं लागलं म्हणजे सांगता आलं नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "यमुनाबाईंना बोलू नका." मला त्यानं विचारलंही नाही की पाखडायला कोणी सांगितलं. त्याला कळलं असणार. त्याचा मला आजही जास्त राग येतो.

कापणीनंतर वाडी परत भिवंडीकडे गेली. मडकी, कोंबड्या, पोरं. एका दुपारी विटा वाहताना यमुना म्हणाली, "साहेब असते तर..." आणि माझं डोकं फिरलं. सगळं सांगून टाकलं. तुमच्या सुपानं शेड गेली, असंच म्हणालो. पाखडा म्हणणारा मी होतो हे मी म्हणालो नाही, तिनंही काढलं नाही. ती डोक्यावर विटा घेऊन चालायला लागली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भेटले तर मी सांगनार."

"काय सांगनार?"

"का सूप माजं व्हतं."

"त्याला ठाव हाय."

"मी सांगितलेलं नाय ना."

आमचं भांडण इथून सुरू झालं. मी म्हणायचो, चौघींसाठी चाळीस जणांना बुडवणारा तो कसला शहाणा? ती म्हणायची, "चौघी म्हंजी मीच ना? मला हाकलून तुमी तिथं मुकादमी केली असती?" यावर मी दर वेळी आवाज वाढवायचो.

दोन वर्षांनी मुरबाडच्या बाजाराला गेलो होतो. एसटीच्या थांब्यावर गर्दी, आणि गर्दीत टिपणीस. केस पांढरे झालेले. म्हणाला, कल्याणकडे कुठे कारागिरांच्या शाळेत शिकवतो, मुरबाडला कोणाकडे ठेवलेले जुने कागद न्यायला आलोय. पत्र्याची ट्रंक त्यानं एसटीच्या टपावर चढवली होती. त्यात तीन वर्षांच्या नळ्याचं सगळं लिहिलेलं. ड्रायव्हर चहा पीत होता.

मी रामराम केला आणि यमुनाचा हात धरून निघणार, तर तिनं हात सोडवून घेतला. त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. पदर नीट केला.

"साहेब, राख मी पाखडली. सूप माजं व्हतं. आमाला वाटलं शेठची भेसळ हाय, तुमची अब्रू जाईल."

टिपणीसनं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता 'काही हरकत नाही' म्हणेल आणि गाडीत बसेल. तो म्हणाला, "भेसळ! हे मला कळलंच नव्हतं. मला वाटलं तुम्ही स्वच्छतेसाठी केलंत." आणि मग त्यानं तिला सांगितलं, राख का लागते ते. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते चार वाक्यांत सांगितलं. मी साक्षीदार आहे.

यमुनानं ऐकलं. मान डोलवली नाही. म्हणाली, "पन साहेब, तुमच्या नळ्यात खालनं वारा येतो ना?"

"येतो."

"मंग आमच्या सुपातनं राख उडाली तशी नळ्यातनं नाय उडत?"

टिपणीसचं तोंड उघडंच राहिलं. "उडते," तो म्हणाला. "तेच तर माझं शेवटपर्यंत सुटलं नाही. दिवसभर चालतो, दुसऱ्या दिवशी राख कमी पडते, परत..."

"मंग जाडी राख घ्या ना. आन दगड बारीक. तांदळातला बारका खडा जड आसतो म्हनून मोट्या दान्याबरूबर पडतो. किती पाखडा, निगत नाय. तसं जुळवायचं, येक जाड, येक बारीक. मंग वाऱ्याला दोनी सारकीच जड."

टिपणीस खाली बसला. मुरबाडच्या एसटी थांब्यावर, धुळीत, मांडी घालून. "यमुनाबाई, किती जाड?" तीही त्याच्यासमोर बसली आणि बोटाच्या पेरावर माप दाखवायला लागली. दोघं धुळीत दाणे काढायला लागले, मोठे आणि लहान.

ड्रायव्हरनं चहा टाकला, हॉर्न दिला. कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हणालो, "साहेब, गाडी." कोणी वर बघितलं नाही. गाडी हलली, टपावर ती ट्रंक. मी धावलो. पायात चप्पल नाही, धोतर हातात, "अरे थांब रे, ट्रंक हाय, ट्रंक हाय!" कंडक्टरला वाटलं मला बसायचं आहे, त्यानं हातानं 'जागा नाय' अशी खूण केली. गाडी वळणावर गेली.

मी मागे वळून दोन्ही हात हलवत ओरडलो, "अवो साहेब! यष्टी गेली!"

धुळीवर वाकलेली दोन डोकी तशीच होती. टिपणीसनं मान वर न करता एक हात उचलला आणि थांब म्हणून खूण केली. एसटीला नाही. मला.